अम्लरेखनातून तैलचित्र : व्हॅन गॉगचा ‘लाजर’ आणि भाषांतराची कसोटी

(१) प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या थोर चित्रकाराच्या मुद्राचित्रावरून दुसऱ्या कोणी रंगविलेले जुने तैलचित्र पुढे आले, म्हणजे त्याविषयी सामान्यतः दोन प्रकारचे अभिप्राय व्यक्त होतात. पहिला असा, की ती नक्कल आहे. मूळ कृती उपलब्ध असताना तिच्याकडे वेगळे लक्ष देण्याचे प्रयोजन नाही. दुसरा ह्याच्या नेमका उलट : मुळात नसलेले जे जे त्या तैलचित्रात आढळते, ते सारे नंतरच्या चित्रकाराच्या प्रतिभेचे निदर्शक होय. वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या ह्या दोन्ही अभिप्रायांत एक दोष मात्र समान आहे. माध्यम बदलले म्हणून जे फेरफार होणे अपरिहार्य होते ते, आणि चित्रकाराने आपण होऊन केलेले फेरफार, ह्यांतील भेद दोन्हींत लक्षात घेतला जात नाही.

हा भेद भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. भाषांतरित ग्रंथाचे परीक्षण करताना त्याला तो पदोपदी करावा लागतो. म्हणूनच चित्रकलेच्या क्षेत्रातील एक उदाहरण ह्या दृष्टीने तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ते उदाहरण म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग ह्याने मे १८९० मध्ये दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमी येथे रंगविलेले, मरणातून उठणाऱ्या लाजराचे चित्र. रेम्ब्रां ह्या डच चित्रकाराने सुमारे १६३२ मध्ये केलेल्या अम्लरेखनावर ते आधारलेले असून आज ते आम्स्टरडाम येथील व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. हेच उदाहरण निवडण्याचे विशेष कारण असे, की आपण करीत आहोत ते काम नकलेचे नसून भाषांतराचे आहे, असे त्या चित्रकाराने स्वतःच पत्रांतून म्हटले आहे. त्याचे हे म्हणणे केवळ अलंकारिक मानावयाचे की शब्दशः घ्यावयाचे, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

(२) मूळ कृती : कथा, तंत्र आणि रचना

चित्राचा विषय योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील आहे. बेथानी गावचा लाजर आजारी पडून मरण पावतो. त्याच्या बहिणी मार्था व मरीया शोक करीत असता येशू ख्रिस्त तेथे येतो. प्रेत गुहेत ठेवून चार दिवस लोटलेले असतात. गुहेच्या तोंडावरील धोंड काढली जाते, ख्रिस्त मोठ्याने हाक मारतो आणि मृत मनुष्य प्रेतवस्त्रांसह बाहेर येतो.

रेम्ब्रांने ही कथा ज्या तंत्राने मांडली त्याचा थोडा परिचय येथे आवश्यक आहे. अम्लरेखनात तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ इत्यादींच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. ह्या थरावर सुईने रेखाटन केले, की सुईच्या वाटेवरील थर निघून तांबे उघडे पडते. पत्रा अम्लात बुडविल्यावर अम्ल फक्त ह्या उघड्या रेषांना खाते. काही रेषा फिक्या ठेवावयाच्या असल्यास त्यांवर अम्लरोधक लेप देऊन उरलेल्या रेषा पुन्हा अम्लात अधिक खोल खाऊ देतात. नंतर थर काढून, रेषांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागदासह पत्रा रुळांच्या दाबाखालून काढतात. रेषांतील शाई कागदावर उतरते व चित्र तयार होते.

ह्या प्रक्रियेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की अम्लरेखनाचा मूळ घटक रेषा हा आहे. कागदाच्या एखाद्या बिंदूवर शाई असते किंवा नसते. मधली करडी छटा अशी वस्तुतः नसतेच. विरळ रेषांनी उजेड, दाट रेषांनी सावली आणि एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळ्यांनी काळोख निर्माण करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी, की छापताना चित्र उलटते. पत्र्यावरील डावे ते कागदावर उजवे होते. रेम्ब्रां ह्या उलटापालटीची नेहमीच दखल घेत असे असे नाही. त्याने १६५० मध्ये एका शंखाचे अम्लरेखन केले. शंख समोर दिसला तसा त्याने पत्र्यावर काढला. परिणामी छापलेल्या चित्रात शंखाचा पीळ निसर्गात असतो त्याच्या उलट दिशेने वळलेला दिसतो. हा बदल माध्यमाने केलेला आहे; त्यात चित्रकाराचा काही गूढ हेतू शोधणे व्यर्थ होय. विवेचनात पुढे येणाऱ्या भेदाचे हे सर्वांत साधे उदाहरण आहे.

लाजराचे अम्लरेखन सुमारे ३७ सेंमी. उंच व २६ सेंमी. रुंद असून त्याचा माथा कमानदार आहे. ख्रिस्ताची उंच आकृती पाठमोरी उभी आहे व तिचा एक हात वर उचललेला आहे. खाली लाजर अर्धवट उठला आहे. भोवती जमलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर व हातांत विस्मय आणि भय उमटले आहे. वर गुहेच्या भिंतीवर पडदा व शस्त्रे टांगलेली दिसतात. प्रकाशाचा मोठा लोट लाजरावर व त्याच्या भोवतीच्या माणसांवर पडतो. गुहेच्या कडा मात्र दाट रेषांच्या काळोखात बुडालेल्या आहेत. जीवन आणि मृत्यू ह्यांचा विरोध येथे उजेड आणि अंधार ह्यांच्या विरोधाने व्यक्त झाला आहे.

ही मांडणी ह्या विषयावर अपरिहार्य होती असे मात्र नव्हे. रेम्ब्रांने ह्याच सुमारास हाच विषय तैलरंगातही हाताळला होता. ते चित्र लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात असून त्यात ख्रिस्त प्रेक्षकाकडे तोंड करून उभा आहे. पुढे १६४२ मध्ये त्याने ह्याच कथेचे एक लहान अम्लरेखन केले. त्यात काळोख जवळजवळ नाहीच. बराचसा कागद कोरा ठेवलेला आहे, आणि घटना गाजावाजा न होता शांतपणे घडते. एकाच कलावंताने, एकाच तंत्रात, एकच कथा दहा वर्षांच्या अंतराने इतक्या भिन्न रीतींनी सांगितली. यावरून १६३२ च्या चित्रातील प्रखर छायाप्रकाश ही माध्यमाची सक्ती नसून रेम्ब्रांची निवड होती, हे सिद्ध होते.

(३) व्हॅन गॉगचे तैलचित्र

व्हॅन गॉग ८ मे १८८९ रोजी सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाला व १६ मे १८९० रोजी तेथून बाहेर पडला. ह्या वर्षभरात बाहेर जाण्यावर वारंवार निर्बंध येत व समोर बसावयास माणसे मिळत नसत. अशा वेळी मिये, दलाक्र्वा, दोरे इत्यादींच्या कृतींची मुद्राचित्रे व छायाचित्रे पुढे ठेवून तो तैलचित्रे करीत असे. अशी सुमारे तीस चित्रे त्याने तेथे केली. त्यांपैकी सुमारे वीस मियेच्या कृतींवरून आहेत. सप्टेंबर १८८९ मधील एका पत्रात त्याने आपला भाऊ तेओ ह्याला ह्या कामाचे स्वरूप समजावून दिले आहे. बेटहोवनची रचना वाजविणारा वादक तीत आपला अर्थ भरतो, तरी त्याला कोणी नक्कल करणारा म्हणत नाही. चित्रकाराने मात्र नेहमी स्वतःच रचना करावी अशी अपेक्षा असते, असा त्याचा युक्तिवाद आहे. कृष्णधवल चित्र समोर ठेवून आपण त्यावर रंगांची उत्स्फूर्त रचना करतो, असेही तो सांगतो. त्यानंतरच्या हिवाळ्यातील पत्रांत हाच विचार अधिक नेमका होतो : हे काम म्हणजे काळ्यापांढऱ्यातील छायाप्रकाशाचा प्रत्यय रंगांच्या भाषेत उतरविणे होय.

फेब्रुवारी १८९० च्या अखेरीस त्याला आजाराचा दीर्घ झटका आला आणि एप्रिल महिना संपत येईपर्यंत तो पुरता सावरला नव्हता. त्याच सुमारास तेओने काही अम्लरेखनांच्या छाप्या पाठविल्या. मेच्या आरंभी लिहिलेल्या उत्तरात व्हिन्सेंटने, लाजराच्या अम्लरेखनातील तीन आकृतींवरून, म्हणजे मृत लाजर व त्याच्या दोन बहिणी ह्यांवरून, एक चित्र केल्याचे कळविले आणि पत्राच्या पाठीमागे त्याचे रेखाटन काढून पाठविले.

तैलचित्र सुमारे ५० सेंमी. उंच व ६५ सेंमी. रुंद, म्हणजे आडवे आहे. मुळातील उभा, कमानदार आयत गेला. पाठमोरा ख्रिस्त गेला, जमाव गेला, भिंतीवरील शस्त्रे गेली. उरल्या त्या तीन आकृती आता अगदी जवळ आल्या आहेत. पाठीमागे, मुळात नसलेले, टेकड्यांचे दृश्य आहे व त्यावर मोठा पिवळा सूर्य आहे. रंगयोजना पत्रात तपशिलाने दिलेली आहे. गुहा व प्रेत ह्यांसाठी जांभळा, पिवळा व पांढरा. मृताच्या तोंडावरील वस्त्र काढणाऱ्या बहिणीचा पोशाख हिरवा व केस नारिंगी. दुसरीचे केस काळे व वस्त्र हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचे. मागे निळ्या टेकड्या व उगवता पिवळा सूर्य. ह्यापुढे व्हिन्सेंटने जे म्हटले आहे, त्याचा आशय असा : अम्लरेखनातील छायाप्रकाश जे सांगतो तेच ह्या रंगांच्या संयोगाने सांगितले जावे.

(४) सक्ती आणि निवड

रोमान याकोबसन ह्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांतरविषयक निबंधात भाषांतराचे तीन प्रकार मानले आहेत : एकाच भाषेतील पुनर्कथन, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेले भाषांतर आणि भाषिक चिन्हांचे भाषेतर चिन्हांत केलेले रूपांतर. चित्रावरून चित्र हा प्रकार काटेकोरपणे ह्यांपैकी कशातच बसत नाही, कारण येथे दोन्हीकडची चिन्हे भाषेतर आहेत. परंतु त्याच निबंधातील दुसरा एक विचार येथे अतिशय उपयोगी आहे. भाषाभाषांतील खरा भेद त्या काय सांगू शकतात ह्यात नसून त्यांना काय सांगावेच लागते ह्यात आहे, असे याकोबसन दाखवितात.

मराठी वाचकास ह्याचा अनुभव नित्याचा आहे. इंग्रजीतील ‘फ्रेंड’ हा शब्द स्त्रीपुरुषभेद दाखवीत नाही. त्याचे क्रियापदही तो दाखवीत नाही. मराठीत मात्र ‘मित्र आला’ किंवा ‘मैत्रीण आली’ असे काही तरी एक म्हणावेच लागते. इंग्रजीतील ‘वुई’ ह्या सर्वनामासाठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतून निवड करावीच लागते. ऐकणाऱ्याला त्यात धरले आहे की नाही, हे मराठी भाषा गुलदस्तात ठेवू देत नाही. उलट मराठीतून इंग्रजीत जाताना हाच भेद गळून पडतो. अशा वेळी भर घालण्याबद्दल किंवा गाळण्याबद्दल भाषांतरकारास दोष देता येत नाही, तसेच श्रेयही देता येत नाही. त्याने ‘मित्र’ म्हटले की ‘मैत्रीण’, हे मात्र विचारता येते. निर्णय घेणे सक्तीचे. कोणता निर्णय घेतला ती निवड. मूळ लेखक जेथे मौन पाळून आहे, तेथे भाषांतरकाराच्या निवडीतून त्याने मुळाचा काय अर्थ लावला हे कळते.

हीच विभागणी प्रस्तुत चित्रास लावता येते. लाजराच्या बहिणीचा पोशाख कोणत्या रंगाचा आहे, हे रेम्ब्रांला अम्लरेखनात सांगण्याचे कारण नव्हते. अम्लरेखनाच्या व्याकरणात त्या प्रश्नाला स्थानच नाही. तैलचित्रात मात्र त्या पोशाखाला रंग द्यावाच लागतो. म्हणून चित्रात रंग ‘आले’ ह्यात विशेष काही नाही. ते येणारच होते. तसेच सुईच्या टोकाने साधणारी रेषांची सूक्ष्म जाळी कुंचल्याच्या जाड फटकाऱ्यांत उतरली नाही, हेही सक्तीचेच. व्हॅन गॉगचा फटकारा लांबट व दिशादर्शक असल्याने रेषेचा काही अंश टिकून राहिला, एवढेच. ह्याउलट, आडवा आकार, तीनच आकृती, ख्रिस्ताचे वगळणे, सूर्य व टेकड्या ह्यांपैकी कशाचीही माध्यमाने सक्ती केलेली नव्हती. रेम्ब्रांनेच तैलरंगात ख्रिस्त व जमाव दाखविलेला आहे, हे त्याचे प्रमाण होय. हिरव्या पोशाखाशेजारी नारिंगी केस, जांभळ्याशेजारी पिवळा, हीही निवड आहे. चित्रकाराच्या मनाविषयी काही अनुमान करावयाचे असेल, तर ते ह्या दुसऱ्या वर्गातील गोष्टींवरूनच करता येईल.

(५) रंगांचा परस्परसंबंध

रंगांची निवड कोणत्या तत्त्वाने झाली, हे समजण्यासाठी व्हॅन गॉगचा रंगविचार ध्यानात घ्यावा लागतो. शार्ल ब्लाँ ह्यांचे १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्रादी कलांविषयीचे पुस्तक त्याने वाचलेले होते. त्या पुस्तकाच्या नावातच ‘व्याकरण’ हा शब्द आहे. रसायनशास्त्रज्ञ शव्ह्रल ह्यांनी १८३९ मध्ये मांडलेला रंगविरोधाचा सिद्धान्त ब्लाँ ह्यांच्यासारख्या लेखकांद्वारा चित्रकारांपर्यंत पोहोचला होता. तांबडा व हिरवा, निळा व नारिंगी, पिवळा व जांभळा ह्या परस्परपूरक जोड्या शेजारी ठेवल्या असता प्रत्येक रंग दुसऱ्याला उजळवितो, असे ह्या सिद्धान्ताचे सार सांगता येईल.

ह्या दृष्टीने पत्रातील रंगयादी पुन्हा पाहिली, तर ती यादी न राहता विरोधांची व्यवस्था होते. गुहा व प्रेत जांभळ्यापिवळ्याने बांधलेले आहेत. नारिंगी केसांचा प्रतियोगी दूरच्या टेकड्यांच्या निळ्यात आहे. हिरवा व गुलाबी म्हणजे हिरव्यातांबड्याची सौम्य केलेली जोडी. तिन्ही पूरक जोड्या ह्या लहानशा चित्रात हजर आहेत. त्यातही लक्षणीय गोष्ट अशी, की मृत्यूच्या जागी, म्हणजे गुहेत व प्रेतात, पिवळा रंग अगोदरच आलेला आहे आणि तोच सूर्याचाही रंग आहे.

सोस्यूर ह्यांनी भाषेविषयी असे दाखवून दिले, की चिन्हाचे मूल्य त्याच्या ठायी स्वतंत्रपणे नसते. व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या विरोधातून ते ठरते. रेम्ब्रांच्या अम्लरेखनात हा विरोध एकाच अक्षावर आहे : उजेड आणि काळोख. व्हॅन गॉगने काळ्याच्या जागी अमुक व पांढऱ्याच्या जागी तमुक रंग, अशी शब्दकोशातून उचलल्यासारखी अदलाबदल केलेली नाही. त्याने एका विरोधव्यवस्थेच्या जागी दुसरी विरोधव्यवस्था ठेवली. रंगांच्या ‘संयोगाने’ सांगावयाचे, असे जे तो लिहितो त्याचा अर्थ हाच. येथे भाषांतर घटकाला घटक असे झालेले नसून संबंधाला संबंध असे झाले आहे. चांगल्या भाषांतराचे वर्णन करताना ह्याहून वेगळे काही सांगावे लागत नाही.

(६) वगळलेला ख्रिस्त

ह्या चित्रावर लिहिणाऱ्या अनेकांनी असे म्हटले आहे, की ख्रिस्ताची जागा सूर्याने घेतली आहे. हे विधान आकर्षक आहे आणि त्यात तथ्यांशही असू शकेल. परंतु त्याची मांडणी पुन्हा शब्दाला शब्द ठेवण्याच्या धर्तीची आहे. पत्रात सूर्य आणि ख्रिस्त ह्यांचे समीकरण नाही. समीकरण आहे ते रंगसंयोग आणि छायाप्रकाश ह्यांचे.

दुसरे स्पष्टीकरण असे दिले जाते, की व्हॅन गॉग ख्रिस्ताचे चित्र काढीतच नसे. ह्यालाही आधार आहे. ऑलिव्हच्या बागेतील ख्रिस्ताचे चित्र त्याने १८८८ मध्ये दोनदा आरंभून दोनदा खरवडून टाकले, कारण समोर माणूस नसता तसली आकृती कल्पनेने काढणे त्याला मान्य नव्हते. १८८९ च्या नोव्हेंबरात एमिल बर्नारची बायबलविषयक चित्रे त्याने ह्याच कारणास्तव कठोरपणे नापसंत केली. तथापि हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. सप्टेंबर १८८९ मध्ये दलाक्र्वाच्या चित्राच्या शिलामुद्रणावरून त्याने मेरी व मृत ख्रिस्त ह्यांचे तैलचित्र केले होते, आणि त्यात ख्रिस्ताची आकृती ठळकपणे आहे. (हे तैलचित्र दलाक्र्वाच्या मूळ चित्राच्या उलट दिशेचे आहे, कारण शिलामुद्रणात चित्र उलटले होते, सक्तीच्या फेरफाराचे हे आणखी एक उदाहरण.) म्हणजे दुसऱ्याच्या कृतीचे भाषांतर करताना ख्रिस्त रंगविण्यास त्याची हरकत नव्हती. त्यामुळे लाजराच्या चित्रातून ख्रिस्त वगळला गेला, ती ह्या चित्रापुरती केलेली खरीखुरी निवड होय.

ह्या निवडीचे स्वरूप मराठी व्याकरणाच्या साहाय्याने फार स्पष्टपणे सांगता येते. ‘उठणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘उठविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. रेम्ब्रांच्या रचनेचे वाक्य करावयाचे तर ते ‘ख्रिस्ताने लाजराला उठविले’ असे होईल : कर्ता उंच उभा आहे, त्याचा हात वर आहे, आणि लाजर त्या क्रियेचा विषय आहे. व्हॅन गॉगच्या रचनेचे वाक्य ‘लाजर उठत आहे’ असे होईल. प्रयोजक कर्ता गेला, आणि जो कर्म होता तोच कर्ता झाला. पाठीमागील सूर्याविषयी बोलतानाही भाषा ‘उगवणे’ हे अकर्मक क्रियापदच वापरते. सूर्याला कोणी उगवीत नाही. ह्या दृष्टीने पाहता सूर्य हा ख्रिस्ताच्या कर्तृपदावर बसविलेला नसून, लाजराच्या उठण्याशेजारी मांडलेली, त्याच जातीची दुसरी क्रिया आहे. चमत्कार कोणी घडविला हा प्रश्न चित्राने खोडून काढलेला नाही; तो विचारलेला नाही, इतकेच. चित्रात शिल्लक आहे ते उठणे, आणि ते पाहणाऱ्या दोन बहिणी.

त्या बहिणींविषयी पत्रात एक सूचक उल्लेख आहे. आर्ल येथे ज्या दोन स्त्रियांची चित्रे त्याने रंगविली होती, म्हणजे टपालखात्यातील रूलँ ह्यांची पत्नी आणि कॅफे चालविणाऱ्या जिनू बाई, त्या पुन्हा समोर बसावयास मिळाल्या असत्या, तर आपण हे चित्र मोठ्या आकारात केले असते, असे तो लिहितो. म्हणजे शुभवर्तमानातील मार्था व मरीया ह्यांच्या जागी त्याला ओळखीच्या, हयात स्त्रिया हव्या होत्या. ह्या उल्लेखामुळे वरील अनुमानास पुष्टी मिळते : चित्राचे लक्ष चमत्कार करणाऱ्याकडे नसून तो ज्यांच्या घरी घडतो त्यांच्याकडे आहे.

लाजराच्या तांबूस दाढीवरून तो चित्रकार स्वतःच होय, असेही काही समीक्षक सुचवितात. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने हा विषय निवडावा, ह्याला अर्थ आहे ह्यात संशय नाही. परंतु पत्रातील शब्द रुग्णाचे नाहीत, कारागिराचे आहेत. कोणता रंग कोठे ठेवला आणि त्याने काय साधावे, एवढेच तेथे सांगितले आहे. चरित्राने चित्राचा प्रसंग कळतो. रचना कळत नाही.

(७) उलट दिशा आणि उपमेच्या मर्यादा

वरील भेदाची परीक्षा उलट दिशेनेही करून पाहता येते, आणि योगायोगाने तिचे साधन रेम्ब्रांनेच पुरविले आहे. सुमारे १६५६ ते १६६१ ह्या काळात त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. मूळ लघुचित्रे रंगसमृद्ध आहेत. रेम्ब्रांची रेखाटने मुख्यतः तपकिरी शाईची आहेत. येथे रंगाचा लोप ही सक्ती आहे. परंतु एका झाडाखाली बसलेल्या वृद्ध मुसलमान सत्पुरुषांच्या रेखाटनाची मांडणी त्याने १६५६ मधील, अब्राहाम व त्याचे दिव्य अतिथी ह्या अम्लरेखनासाठी उपयोगात आणली, ही निवड आहे. तीतूनच त्या लघुचित्रात त्याला काय दिसले हे कळते. दिशा बदलली तरी कसोटी तीच राहते.

तरीही उपमा कोठे थांबते हे सांगणे अवश्य आहे. भाषेची रचना दोन स्तरांवर होते : स्वतः निरर्थक असलेल्या मोजक्या ध्वनिघटकांपासून सार्थ घटक बनतात व त्यांपासून वाक्ये. रंगांना अशी रचना नाही. ‘हिरवा’ ह्या रंगाचा समाजाने ठरविलेला निश्चित अर्थ नाही, आणि रंगांचा शब्दकोश करता येत नाही. म्हणून ‘रंगांची भाषा’ हा प्रयोग सर्वांशाने शब्दशः घेता येणार नाही. परंतु दोन बाबतींत तो शब्दशः खरा आहे : प्रत्येक माध्यम काही गोष्टी सांगण्याची सक्ती करते, आणि प्रत्येक माध्यमात अर्थ घटकांच्या परस्परविरोधातून निघतो.

(८) निष्कर्ष

तात्पर्य, मुद्राचित्रावरून केलेल्या तैलचित्राचे परीक्षण करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. नव्या माध्यमाने कशाची भर घालावयास लावली? त्याने काय हिरावून घेतले? आणि ही दोन्ही वजा केल्यावर जे उरते, त्यात चित्रकाराने कोणते संबंध राखले व कोणते बदलले? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून माध्यमाचे ज्ञान होते. चित्रकाराचे ज्ञान केवळ तिसऱ्यावरून होते. नक्कल म्हणून चित्र बाजूस सारणारे तिसरा प्रश्न विचारीतच नाहीत, आणि प्रत्येक फरकाचे कौतुक करणारे पहिले दोन विसरतात.

व्हॅन गॉगच्या ‘लाजरा’स ही कसोटी लावली असता असे दिसते, की त्याने रेम्ब्रांचा उजेडकाळोखाचा विरोध रंगविरोधांत राखला आणि रेम्ब्रांचे वाक्य मात्र प्रयोजकातून अकर्मकात नेले. राखणे आणि बदलणे ह्या दोन्ही क्रिया हेतुपूर्वक झालेल्या असल्यामुळे ‘भाषांतर’ हा त्याने वापरलेला शब्द येथे पुष्कळ अंशी शब्दशः घेता येतो. मोठ्या आकारातील चित्र करणे पुढे झाले नाही. हे पत्र लिहिल्यावर दोन आठवड्यांतच तो सँ-रेमीहून निघाला व २९ जुलै १८९० रोजी मरण पावला. मागे राहिले ते हे लहान चित्र आणि त्याविषयीच्या पत्रातील थोड्या ओळी. भाषांतरकाराने आपल्या निवडीचा हिशेब इतक्या थोडक्यात व इतक्या नेमकेपणाने दिल्याची उदाहरणे ग्रंथांच्या जगातही फारशी नाहीत.